आधी अंधाराचा हिशेब: अवकाश दुर्बिणीसाठी अवरक्त प्रकाशमापक कसा आखायचा

डिटेक्टरचा कॅटलॉग उघडून आराखड्याला बसणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. सुरुवातीला मीही त्यातलाच होतो. 'हा सेन्सर भारी आहे, याच्याभोवती काय बसवता येईल?' असा तो विचार. अवरक्त प्रकाशमापकाच्या बाबतीत ही वाट हमखास चुकते, कारण ज्या ताऱ्याचा किंवा दीर्घिकेचा प्रकाश मोजायचा, तो या हिशेबातला सगळ्यात लहान आकडा असतो. मोठे आकडे असतात आकाशाच्या पार्श्वभूमीचे, आरशाच्या स्वतःच्या उष्णतेचे आणि उपकरणाच्या थंड पेटीत जाणाऱ्या वायरींचे. ते आधी कागदावर मांडले, की डिटेक्टर कोणता घ्यायचा हे बरंचसं आपोआप ठरतं.

खालचा क्रम त्याच उलट्या दिशेनं लावला आहे. उदाहरणाला ८५ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण घेतो. हा आकडा मुद्दाम निवडला आहे. नासाच्या स्पिट्झर दुर्बिणीचा बेरिलियमचा आरसा एवढाच होता आणि तिच्यावर २४, ७० आणि १६० मायक्रॉनचा 'मिप्स' नावाचा प्रकाशमापक होता. त्यामुळे आपली आकडेमोड कुठे बरोबर येते आणि कुठे घसरते, हे खऱ्या यंत्राशी ताडून पाहता येईल. वही, कॅल्क्युलेटर आणि बारावीचं भौतिकशास्त्र एवढं पुरे.

पायरी १: प्रश्न ठरवा, त्यातून पट्टे निघतील

प्रकाशमापक वर्णपट काढत नाही. ठरलेल्या तरंगलांबीच्या पट्ट्यात एखाद्या स्रोताकडून किती ऊर्जा येते, एवढंच तो सांगतो. म्हणून पट्टे चुकले तर पुढचं सगळं काम वाया.

पट्टे निवडायला वीनचा नियम पुरतो: २८९८ ला केल्विनमधल्या तापमानानं भागा, म्हणजे वस्तू कोणत्या मायक्रॉनला सर्वाधिक तळपते ते कळतं. आपण स्वतः, म्हणजे ३०० केल्विनच्या आसपासची कुठलीही वस्तू, १० मायक्रॉनजवळ. ताऱ्याभोवतीची १२० केल्विनची धूळ २४ ला. तारे जन्मत असतात त्या ढगांमधली ३० केल्विनची धूळ १०० मायक्रॉनजवळ. एका पट्ट्यातून फक्त तेज मिळतं, दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरातून तापमान मिळतं, आणि धुळीचं वस्तुमान काढायचं तर शिखराच्या दोन्ही बाजूंना पट्टा असलेला बरा.

१९८३ च्या आयरास उपग्रहानं १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन घेतले होते. ५७ सेंटिमीटरचा आरसा, ६२ डिटेक्टर, दहा महिन्यांचं आयुष्य, आणि तेवढ्यात जवळपास सगळं आकाश धुंडाळून झालं. पट्ट्यांची संख्या वाढवायचा मोह इथेच आवरा. प्रत्येक नवा पट्टा म्हणजे नवा फिल्टर, बहुतेकदा नवा डिटेक्टर, नव्या वायरी आणि थंडीसाठी जास्त हेलियम. तीन-चारच्या पुढे गेलात तर प्रत्येक पट्ट्याचा जाब विचारा.

पायरी २: आकाशाचा उजेड मोजा

अवकाशात गेलं की काळंकुट्ट आकाश, असं दृश्य प्रकाशात चालून जातं. अवरक्तात मात्र सूर्यमालेच्या प्रतलात पसरलेली धूळ उबदार असते आणि तिचा राशिचक्रीय प्रकाश २४ मायक्रॉनला सगळीकडे भरलेला असतो. आपण बऱ्यापैकी काळोखी दिशा धरू: दर स्टरेडियनला (आकाशाचा तुकडा मोजायचं एकक) २० मेगाजान्स्की, म्हणजे दोन कोटी जान्स्की. क्रांतिवृत्ताजवळ हा आकडा दोन-तीन पट होतो. (एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला एका वॅटचा इतका बारीक तुकडा, की दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं मांडून मग १ लिहावा लागतो.)

आता गुणाकार: आकाशाची तेजस्विता, गुणिले आरशाचं उपयोगी क्षेत्रफळ, गुणिले एका पिक्सेलला दिसणारा आकाशाचा तुकडा, गुणिले पट्ट्याची रुंदी. मधल्या दुय्यम आरशाची सावली वजा केली की क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर. पिक्सेल अडीच विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) धरला तर त्याच्या वाट्याला स्टरेडियनचा सुमारे साडेसहाशे कोटींवा भाग येतो. पट्टा ५ मायक्रॉन रुंद, म्हणजे वारंवारितेत २.६ लाख कोटी हर्ट्झ. हे सगळं गुणून एका फोटॉनच्या ऊर्जेनं भागलं की उत्तर येतं: दर पिक्सेलवर दर सेकंदाला साधारण ५,००० फोटॉन. आरसे, फिल्टर आणि डिटेक्टर मिळून यातले ३० टक्के पदरात पडले असं धरा. मग १,५०० इलेक्ट्रॉन.

हा १,५०० चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. दहा सेकंदांच्या उघडीपीत (एक्स्पोजरमध्ये) १५,००० इलेक्ट्रॉन जमतात आणि त्यांचा अटळ सांख्यिकी गोंधळ वर्गमुळाइतका, म्हणजे १२० च्या आसपास असतो. तेव्हा वाचन-गोंधळ (पिक्सेलचा आकडा वाचताना परिपथानं घातलेली भर) ४०-५० इलेक्ट्रॉनांचा असला तरी चालेल, पाचवर आणण्यासाठी पैसे घालवू नका. डिटेक्टरचा अंधारप्रवाह (प्रकाश नसतानाही सुटणारे इलेक्ट्रॉन) सेकंदाला काही इलेक्ट्रॉन असेल तर तो कुणाच्या खिजगणतीत नाही.

आणि तारा? एक मिलिजान्स्कीचा स्रोत आपल्या यंत्रात सेकंदाला सुमारे ४७० इलेक्ट्रॉन देतो, तेही दहाएक पिक्सेलवर पसरून. त्याच दहा पिक्सेलवर पार्श्वभूमीचे १५,००० असतात. म्हणजे आपला पाहुणा पार्श्वभूमीच्या जेमतेम ३ टक्के. त्याच्या दशांश तेजाचा स्रोत हवा असेल तर पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक हजारात एक एवढ्या अचूकतेनं माहीत असायला हवा. ही अट कॅटलॉगात सापडत नाही, ती अंशांकनातूनच, म्हणजे ज्ञात स्रोतांशी ताडून यंत्राचं माप ठरवण्यातूनच, पुरी करावी लागते.

पायरी ३: दुर्बीण किती थंड?

नियम असा लावू: आरशाची स्वतःची झळ आकाशाच्या पार्श्वभूमीच्या दहाव्या हिश्श्याखाली राहिली पाहिजे. आरशांची एकूण उत्सर्जकता, म्हणजे पूर्ण काळ्या वस्तूच्या तुलनेत ते किती झळ टाकतात ते प्रमाण, ५ टक्के धरू.

खोलीच्या तापमानाचा आरसा २४ मायक्रॉनला दर स्टरेडियनला दोन कोटींहून जास्त मेगाजान्स्की ओततो. आकाशाच्या २० समोर हे दहा लाख पट झालं. भर दुपारी मरीन ड्राइव्हवर उभं राहून काजवा शोधण्यातला प्रकार. प्लांकच्या सूत्रात तापमान कमी करत गेलात तर २४ मायक्रॉनसाठी मर्यादा येते ३३ केल्विन. फार वाईट नाही, सूर्याकडे पाठ करून नुसत्या उत्सर्जनानं तिथपर्यंत पोचता येतं.

१६० मायक्रॉनला चित्र पालटतं. तिथे आकाशाच्या सर्वात काळोख्या भागात एक-दोन मेगाजान्स्कीच असतात, म्हणून आरशाला ०.२ चीच मुभा. उत्तर येतं ६ केल्विन. स्पिट्झरची दुर्बीण तिच्या थंड काळात साडेपाच केल्विनला ठेवत. एका पानाच्या आकडेमोडीनं एका मोठ्या मोहिमेच्या मुख्य आकड्याशी हातमिळवणी केली, की मला दरवेळी नव्यानं मजा वाटते.

याच्या उलटं टोक आपल्या घरचं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं एक मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनमधून अनेकदा उडवली. स्थितांबरात बहुतेक पाण्याची वाफ खाली राहते, पण आरसा काही केल्विनवर येत नाही, तो तळपतच असतो. म्हणून तिथे दुय्यम आरसा सतत हलवून 'तारा अधिक आकाश' आणि 'नुसतं आकाश' यांची वजाबाकी करत राहावी लागते, आणि बोलोमीटर (प्रकाशानं होणारी तापमानवाढ मोजणारे डिटेक्टर) हेलियम-३ वापरून ०.३ केल्विनला न्यावे लागतात. युरोपच्या हर्शेल अवकाश दुर्बिणीनंही तडजोड केली. साडेतीन मीटरचा आरसा हवा होता, तो हेलियमनं थंड करणं शक्य नव्हतं, तेव्हा आरसा ८० ते ९० केल्विनच्या दरम्यान आणि फक्त उपकरणं थंड. मोठा गरम आरसा की छोटा थंड, हा निर्णय याच पायरीवर होतो. तेजस्वी स्रोतांचे बारकावे पाहायचे असतील तर मोठा, अंधूक स्रोत शोधायचे असतील तर थंड.

उपकरणाची पेटी तर दुर्बिणीहूनही थंड लागते. पिक्सेलला आरशाकडून येणारा प्रकाश एका अरुंद शंकूतून मिळतो, पेटीच्या भिंती मात्र त्याला चहूकडून दिसतात आणि त्या काळ्या असतात, चकचकीत नाहीत. दोन्ही मिळून हजारो पटींचा फरक. तेच सूत्र पुन्हा चालवलं की १६० मायक्रॉनसाठी पेटी ४ केल्विनच्या खाली हवी असं निघतं. म्हणजे द्रवरूप हेलियमला पर्याय उरत नाही.

पायरी ४: पिक्सेल आणि गर्दी

विवर्तनाचं वर्तुळ १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास या सूत्रानं काढा. ८५ सेंटिमीटरला २४ मायक्रॉनसाठी त्रिज्या ७ विकला, ७० साठी २१, १६० साठी ४७. बिंबाची अर्ध्या उंचीवरची रुंदी याहून थोडी कमी: अनुक्रमे साधारण ६, १८ आणि ४० विकला. त्या रुंदीत किमान दोन पिक्सेल बसले पाहिजेत. अडीच विकलांचा पिक्सेल इथून आला. पिक्सेल प्रत्यक्षात ७५ मायक्रॉनचा असेल तर नाभीय अंतर सुमारे ६ मीटर, म्हणजे एफ-७ ची (नाभीय अंतर व्यासाच्या सातपट असलेली) किरणशलाका. मुख्य दुर्बीण स्पिट्झरसारखी एफ-१२ ची असेल तर मध्ये लहान आरशांची जोडी घालून ती बदलून घ्यावी लागेल. ही कटकट वाटते, पण फायद्याची आहे, कारण या पुनर्प्रतिमेमुळेच आपल्याला थंड छिद्र बसवायला जागा मिळते. त्याकडे पुढच्या पायरीत वळू.

आता एक हिशेब, जो नवखे हमखास विसरतात. १६० मायक्रॉनच्या ४० विकलांच्या बिंबानं एक चौरस अंश आकाश भरायचं तर सुमारे ७,००० बिंबं मावतात. स्रोत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दर स्रोतामागे ३० बिंबांची मोकळी जागा ठेवायचा प्रघात आहे. म्हणजे चौरस अंशाला २४० स्रोत. त्यापलीकडच्या अंधूक दीर्घिका एकमेकींच्या अंगावर पडून नुसता खडबडीत गालिचा दिसतो, मग तुम्ही दहा तास उघडीप द्या की शंभर. २४ मायक्रॉनला हीच मर्यादा दहा हजारांच्या वर जाते. थोडक्यात, १६० च्या पट्ट्यावर अतिसंवेदनशील डिटेक्टर बसवून त्याला लांब उघडीप देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पट्टानिहाय किती वेळ निरीक्षण उपयोगी आहे हे इथेच लिहून ठेवा. डिटेक्टर विकत घेतल्यावर हे कळणं महागात पडतं.

पायरी ५: फिल्टर, आणि निळी गळती

थंड छिद्र म्हणजे मुख्य आरशाची प्रतिमा पेटीच्या आत जिथे तयार होते तिथे बसवलेली काळी चकती, त्या प्रतिमेच्या आकाराचं भोक पाडलेली. आरशाच्या कडा, त्याचे आधार, नळीच्या भिंती यांची झळ तिथे अडते. भोक प्रतिमेपेक्षा किंचित लहान ठेवा. २-३ टक्के प्रकाश जाईल, पण जाऊ द्या.

फिल्टरकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. निळी गळती म्हणजे पट्ट्याबाहेरचा, कमी तरंगलांबीचा प्रकाश फिल्टरमधून आत शिरणं. ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. त्यामुळे १.६ मायक्रॉनला तारा १६० च्या तुलनेत जवळपास दहा हजार पट तेजस्वी असतो. फिल्टरनं निकट-अवरक्तातला दहा हजारातला एक भाग जरी आत सोडला, तरी गळती खऱ्या संकेताएवढी होते. चूक १ टक्क्याच्या आत ठेवायची तर गळती दहा लाखात एकहून कमी हवी. एका फिल्टरनं हे होत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या जातीचे एकामागे एक लावावे लागतात, आणि त्यांच्या पृष्ठभागांवरून उडणारे परावर्तित किरण कुठे जातात हेही काढावं लागतं.

मिप्सच्या १६० मायक्रॉनच्या पट्ट्यात नेमकी हीच निकट-अवरक्ताची गळती राहिली. परिणाम असा, की साध्या ताऱ्यांवर तो पट्टा अंशांकित करणं अवघड झालं आणि शेवटी लघुग्रहांचा आधार घ्यावा लागला. लघुग्रह दूर-अवरक्तात तेजस्वी, निकट-अवरक्तात मंद, म्हणून गळती नगण्य. दुखण्यावर उपाय चांगला सापडला, पण तो फिल्टरच्या आराखड्यात सापडला असता तर जास्त बरं.

पायरी ६: आता डिटेक्टर

इथवर आल्यावर निवड फारशी उरत नाही. ५ मायक्रॉनपर्यंत इंडियम अँटिमोनाइड किंवा पारा-कॅडमियम-टेल्युराइड. ५ ते २८ पर्यंत आर्सेनिक मिसळलेलं सिलिकॉन. त्यापुढे गॅलियम मिसळलेलं जर्मेनियम, सुमारे ११५ मायक्रॉनपर्यंत. त्याच जर्मेनियमच्या स्फटिकाला स्क्रूनं दाबून ताण दिला तर मर्यादा २०० पर्यंत सरकते. आणि कुठल्याही तरंगलांबीला चालणारे बोलोमीटर, त्यांना मात्र ०.३ केल्विनची मिजास लागते.

सिलिकॉन सुस्वभावी आहे. ठरलेल्या पाच-सात केल्विनला ठेवा, तो गुमान काम करतो. स्पिट्झरचं हेलियम १५ मे २००९ ला संपलं आणि तापमान तीसएक केल्विनच्या खाली जाऊन स्थिरावलं. आपल्या तिसऱ्या पायरीच्या हिशेबानं आरसा २४ मायक्रॉनला अजून चालला असता! बंद पडला तो डिटेक्टर, कारण या तापमानाला आर्सेनिक-सिलिकॉनमध्ये उष्णतेनंच इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. ३.६ आणि ४.५ मायक्रॉनचे इंडियम अँटिमोनाइडचे दोन पट्टे मात्र ३० जानेवारी २०२० पर्यंत चालत राहिले. म्हणून आरशाचं तापमान आणि डिटेक्टरचं तापमान हे दोन वेगळे रकाने ठेवा.

जर्मेनियमचा स्वभाव तऱ्हेवाईक. तो प्रकाश कमी शोषतो म्हणून स्फटिक जाड लागतो, जाड स्फटिकावर वैश्विक किरण जास्त आदळतात, आणि प्रत्येक धक्क्यानंतर त्याची संवेदनशीलता हळूहळू सरकत राहते. काही मिनिटांपूर्वीचं मोजमाप आत्ताच्याशी जुळत नाही. मिप्सनं यावर काढलेली तोड मला फार आवडते: पेटीत एक छोटा दिवा ठेवायचा आणि दर दोनेक मिनिटांनी त्याची ठरावीक चमक डिटेक्टरला दाखवायची. मग आकाशाचा संकेत इलेक्ट्रॉनांत मोजण्याऐवजी 'चमकेच्या किती पट' असा मोजायचा. माप बदलत असेल तर प्रत्येक वेळी शेजारी पट्टी ठेवून मोजण्यासारखं आहे हे.

वाचनाच्या बाबतीत एकच सूचना. उघडीप संपल्यावर एकदाच वाचू नका, मध्येमध्ये, समजा अर्ध्या सेकंदाला एकदा, न पुसता वाचत राहा. साचत जाणारा भार सरळ रेषेत चढतो, तिचा उतार म्हणजे तुमचा प्रकाश. वैश्विक किरण लागला की रेषेत पायरी पडते, ती ओळखून वगळता येते. सगळी वाचनं पृथ्वीवर पाठवायला वेळ नसेल तर मिप्ससारखं करा: २४ मायक्रॉनसाठी उतार आणि पहिल्या दोन वाचनांतला फरक, एवढंच पाठवायचं. तेजस्वी ताऱ्यानं पिक्सेल भरून वाहिला तरी पहिल्या फरकात तो शाबूत सापडतो.

पायरी ७: थंडीचा खर्च

या पायरीवर सर्वात जास्त दिवस घालवा. स्पिट्झरकडे सुमारे ३६० लिटर अतिप्रवाही हेलियम होतं, म्हणजे ५२ किलोच्या आसपास. एक ग्रॅम उडवायला साधारण २३ ज्यूल लागतात. एकूण भांडवल १२ लाख ज्यूल. ते पाच वर्षं आठ महिने पुरलं. भागाकार करा: सरासरी ७ मिलिवॅट. मोबाइलच्या चार्जरवर जळणारा बारीक दिवासुद्धा याहून जास्त खातो. एवढ्यात डिटेक्टर, वाचन-परिपथ, हलणारा आरसा, वायरींतून झिरपणारी उष्णता, सगळं आलं.

उलट्या बाजूनं पाहा. तुमच्या आराखड्यात फक्त १ मिलिवॅट जास्त गेला तर मोहिमेचं आयुष्य नऊ महिन्यांनी घटतं. म्हणून वहीत प्रत्येक वस्तूपुढे मायक्रोवॅट लिहायची सवय लावा. तांब्याच्या वायरी थंड भागात नकोत, मँगॅनिन, फॉस्फर ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टीलच्या बारीक वायरी घ्या. त्या विजेला जास्त रोध करतात, पण उष्णतेलाही फार जास्त. वाटेत मधल्या तापमानाच्या कठड्यांना त्या चिकटवा, म्हणजे बरीचशी उष्णता तिथेच उतरते.

यांत्रिक बाजू थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम खोलीच्या तापमानावरून काही केल्विनवर येताना मीटरमागे ४ मिलिमीटर आकसतं. आरसे, पेटी आणि आधार सगळे त्याच धातूचे केले तर पूर्ण यंत्र एकाच प्रमाणात लहान होतं आणि नाभी सुटत नाही. हलणारे भाग शक्य तितके कमी. मिप्समध्ये एकच होता, स्कॅन आरसा. त्याच दुर्बिणीवरच्या आयरॅक कॅमेऱ्यात शटर होतं, ते अडकून बसलं तर सगळाच कारभार आटोपेल म्हणून उड्डाणानंतर वापरायचंच नाही असं ठरलं.

आणि सुरुवातीलाच एक प्रश्न विचारा: दुर्बीण उड्डाणाच्या वेळी थंड असायलाच हवी का? स्पिट्झरच्या जुन्या आराखड्यात पूर्ण दुर्बीण थर्मासमध्ये होती आणि हजारो लिटर हेलियम लागणार होतं. नंतर दुर्बीण थर्मासबाहेर काढली, गरम असतानाच उडवली, पृथ्वीपासून दूर सूर्याभोवतीच्या कक्षेत आपोआप थंड होऊ दिली, आणि उरलेलं काम उडून जाणाऱ्या हेलियमच्या थंड वाफेकडून करून घेतलं. पैसे वाचवायच्या तगाद्यातून आलेला हा बदल, पण अभियांत्रिकी म्हणून तो मूळ आराखड्यापेक्षा सरस ठरला.

पायरी ८: अंशांकन

तीन जातींचे मानक हवेत: लहान तरंगलांबीसाठी साधे तारे, मधल्यासाठी तेजस्वी तारे आणि लघुग्रह, लांबच्यासाठी युरेनस आणि नेपच्यूनसारखे ग्रह. एकाच मानकावर विसंबू नका. १९८३ मध्ये आयरासच्या गटानं अंशांकनासाठी अभिजित ताऱ्याकडे पाहिलं. शतकभर तेजाची मोजपट्टी म्हणून वापरलेला तारा. ६० आणि १०० मायक्रॉनला तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी निघाला. आधी यंत्रावर संशय घेतला गेला, मग कळलं की त्याच्याभोवती धुळीची तबकडी आहे. ग्रहनिर्मितीच्या अभ्यासाचं एक नवं दालन उघडलं, आणि त्या पट्ट्यांसाठी एक मानक बाद झालं.

निरीक्षणाच्या पद्धतीतही अंशांकन दडलेलं असतं. आयरास आकाशावरून सरकत जायचा, त्यामुळे तारा डिटेक्टरवरून जाताना आधीची आणि नंतरची पार्श्वभूमी आपसूक नोंदली जायची. मिप्समध्ये दुर्बीण सरकत असताना स्कॅन आरसा उलटा वळून प्रतिमा थोडा वेळ जागेवर धरायचा आणि मग झटक्यात पुढच्या तुकड्यावर जायचा. दोन्हींचा मुद्दा एक: एकच स्रोत वेगवेगळ्या पिक्सेलवरून गेला पाहिजे. दुसऱ्या पायरीतली हजारात एकची अट अशीच भागते.

पायरी ९: अंधारात चाचणी, आणि झाकण

पहिली चाचणी दिव्याची नसते, अंधाराची असते. पेटी पूर्ण बंद करा, थंड करा आणि काहीही दाखवू नका. जो आकडा येईल तो तुमच्या हिशेबातल्या अंधारप्रवाहाशी जुळला पाहिजे. माझ्या पहिल्या थंड पेटीत तो कित्येक पट जास्त आला. आठवडाभर परिपथ तपासले. दोष निघाला एका आरपार स्क्रूच्या छिद्रात: एक स्क्रू बसवायचाच राहिला होता आणि तेवढ्या फटीतून बाहेरच्या कवचाची झळ आत येत होती. तेव्हापासून मी प्रत्येक जोडाला पायरीसारखी खाच ठेवतो, म्हणजे प्रकाशाला सरळ वाटच मिळत नाही, आणि स्क्रूंची मोजदाद दोघांकडून करून घेतो.

मग ज्ञात तापमानाची कृष्णिका (पूर्ण काळी उष्ण वस्तू) दाखवा, तापमान चढवत-उतरवत रेषीयता तपासा. थंड-गरम आवर्तनं शक्य तितकी करा. बहुतेक जोड आणि कनेक्टर पहिल्या काही आवर्तनांत आपले रंग दाखवतात. आणि तपासणीची हद्द पेटीच्या भिंतीपाशी संपवू नका. मिप्सच्या ७० मायक्रॉनच्या डिटेक्टर-जाळीचा अर्धा भाग उड्डाणानंतर जवळपास निकामी ठरला, आणि दोष उपकरणात नव्हताच, बाहेरच्या केबलमध्ये होता.

राहिलं झाकण. मार्च १९९९ मध्ये नासाचा वायर नावाचा छोटा अवरक्त उपग्रह उडाला. ३० सेंटिमीटरची दुर्बीण, थंडीसाठी घनरूप हायड्रोजन. झाकण उडवणाऱ्या परिपथाला वीज मिळताच त्यातली एक चिप क्षणभर अनिश्चित अवस्थेत गेली आणि झाकण वेळेआधीच सुटलं. आत ऊब शिरली, हायड्रोजन भसाभस उडाला, त्या झोतानं उपग्रह गरगर फिरायला लागला आणि दोनेक दिवसांत सगळी थंडी संपली. प्रकाशमापकानं एकही काम केलं नाही. म्हणून झाकणाच्या परिपथाची चाचणी फक्त 'आदेश दिल्यावर उघडतं का' एवढी ठेवू नका. वीज चालू करा, बंद करा, अर्धवट व्होल्टेज द्या, पुन्हा चालू करा, हे प्रत्यक्ष उड्डाणाच्या हार्डवेअरवर करा, आणि प्रत्येक वेळी सुटकेच्या तारेवर ऑसिलोस्कोप लावून पहिल्या काही मिलिसेकंदांत तिथे काय होतं ते पाहा.